आधी बोट टोचा, मग नाव ठेवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.



आमच्या देऊळगाव राजात भर दुपारी एखादा माणूस भेलकांडत चालला, त्याची जीभ जड झाली, विचारलेल्याचं धड उत्तर देता येईना, की त्याने घेतली आहे असं ठरतं. हेच एखाद्या बाईचं झालं, ती थरथरायला लागली, घामाने डबडबली, काहीबाही पुटपुटायला लागली आणि त्यातून जागा देवळाजवळची असली, तर तिच्या अंगात आलं असं ठरतं. कुणी हळद-कुंकू घेऊन धावतं, कुणी पायाशी नारळ ठेवतं. दोन्ही निदानं मिनिटभरात होतात आणि त्यांची फी नसते. रक्तातली साखर मात्र दोन्ही वेळा कुणी तपासत नाही.

“तिला शुगर नाही ना, मग शुगर कशाला बघायची?” हे वाक्य मी पारावर ऐकलं आहे, तसंच दवाखान्यातही ऐकलं आहे. पारावरच्या माणसांना मी दोष देत नाही. दवाखान्यातल्या वाक्याबद्दल मात्र आपल्याशी बोलायचं आहे.

माझी थोरली बहीण तालुक्यातल्याच एका खेड्यात राहते. तिला विचारून, आणि नाव घालणार नाही या अटीवर, हे लिहितो आहे. मधुमेह होता, रक्तदाब होता, दोन्ही गुडघे गेले होते आणि या सगळ्याच्या मुळाशी वजन होतं. आमच्या भागात आता ठिकठिकाणी शेडनेट उभी आहेत. त्यांत भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं. एका झाडाच्या फुलातला पराग दुसऱ्या झाडाच्या फुलावर हाताने लावायचा, बायका त्याला ‘क्रॉसिंग’ म्हणतात. तासन्‌तास वाकून, नजर फुलात ठेवून करायचं काम. ते ताईला जमेनासं झालं तेव्हा तिने ऑपरेशनचं मनावर घेतलं. मोठ्या शहरात जाऊन गॅस्ट्रिक बायपास झालं. वजन उतरलं, मधुमेहाच्या गोळ्या सुटल्या, गुडघे बोलायचे थांबले आणि ती पुन्हा शेडनेटमध्ये जाऊ लागली. तेव्हा ही शस्त्रक्रिया वाईट आहे असं सांगायला मी पत्र लिहीत नाही. ज्यांना तिची खरी गरज आहे त्यांना ती मिळावी, सरकारी रुग्णालयातही मिळावी, याच मताचा मी आहे. माझं म्हणणं ऑपरेशननंतर दीड-दोन वर्षांनी काय होतं याविषयी आहे. तोवर टाके भरलेले असतात, फोटो काढून झालेले असतात, नातेवाइकांची वाहवा संपलेली असते आणि शहरातल्या रुग्णालयात पुन्हा जायला कुणाला सवड उरलेली नसते.

ताईला जेवणानंतर दीड-दोन तासांनी कसंतरी व्हायला लागलं. छाती धडधडायची, हात कापायचे, डोळ्यांपुढे धुकं यायचं. शेडनेटच्या उकाड्यात घाम सगळ्यांनाच फुटतो, त्यामुळे तिचा घाम वेगळा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकदा तर ती हातातलं काम सोडून भलत्याच वाफ्याकडे चालत गेली, आणि नाव विचारलं तर नुसती बघत राहिली. घरात ज्याने-त्याने आपापलं निदान मांडलं. ऊन लागलं, बीपी कमी झालं, पाळी जाण्याचं वय आहे, दृष्ट लागली. एका दवाखान्यात सलाईन लावलं. तासाभरात ती हसत उठून बसली.

त्या सलाईनवर जरा थांबतो. आमच्याकडे सलाईन हे औषधापेक्षा श्रद्धेचं ठिकाण आहे. बाटली टांगलेली दिसली की रुग्णालाही बरं वाटतं आणि नातेवाइकांनाही. पण त्या बाटलीत बऱ्याचदा डेक्स्ट्रोज असतं, म्हणजे साखरच. साखर उतरलेल्या माणसाच्या शिरेत साखर गेली की तो उठून बसणारच. रुग्ण बरा होतो, पैसे दिले जातात, आणि आजार काय होता याचा एकुलता एक पुरावा त्या बाटलीबरोबर वाहून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी साखर तपासतात. ती अगदी नीट निघते. मग कागदावर ‘अशक्तपणा’ लिहिलं जातं. ताईच्या फाइलमध्ये हा शब्द किती वेळा आला आहे ते मी मोजलं नाही.

हे का घडतं, ते मी माझ्या नववी-दहावीच्या पोरांना सांगतो तसं सांगतो. आमच्या तालुक्यात खडकपूर्णेचं धरण आहे. तालुक्यातल्या मेहुणा राजात जन्मलेल्या संत चोखोबांच्या नावाने त्या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात. धरणाचं काम पाणी साठवण्याचं जितकं, तितकंच ते पाळीपाळीने सोडण्याचं. आपलं जठरही तेच करतं. खाल्लेलं धरून ठेवतं, घुसळतं आणि खालच्या दारातून थोडं थोडं लहान आतड्यात सोडतं. बायपासमध्ये जठराचा वरचा, जेमतेम तीस मिलिलिटरचा कप्पा तेवढा ठेवतात आणि तो थेट लहान आतड्याला जोडतात. धरणही गेलं, दारही गेलं. भात, साबुदाणा, सरबत, जे काही पटकन पचणारं असेल ते एकदम आतड्यात उतरतं आणि रक्तातली साखर झर्रकन चढते. आतड्यातून जीएलपी-१ सारखी संप्रेरकं भरमसाठ सुटतात, ती स्वादुपिंडाला चेतवतात आणि इन्शुलिन गरजेपेक्षा कितीतरी जास्त येतं. साखर तोवर आतड्यातून येऊन संपलेली असते, इन्शुलिन मात्र अजून कामावर असतं. म्हणून जेवणानंतर एक ते तीन तासांत साखर खाली कोसळते. उपाशी माणसाची नव्हे, जेवलेल्या माणसाची. खरी गोम इथेच आहे. “आत्ताच तर जेवली, साखर कशी कमी होईल?” हा प्रश्न इतका सरळ आणि शहाणपणाचा वाटतो, की पुढे कुणी विचारच करत नाही.

जठराची नळी करण्याच्या शस्त्रक्रियेत, ज्याला स्लीव्ह म्हणतात, जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त काढून टाकतात. तिच्यानंतरही हे होतं, पण बायपासइतकं नाही. शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला होतं असंही नाही. काहींना अजिबात होत नाही, काहींना नुसती थरथर होऊन निभावतं, आणि थोड्यांना शुद्ध हरपण्यापर्यंत, आकडी येण्यापर्यंत मजल जाते. ही थोडी माणसं शेतात असतात, विहिरीच्या काठावर असतात, मळणीयंत्रापाशी असतात, मोटारसायकलवर मागे बायको आणि पुढे टाकीवर पोरगं बसवून जालन्याच्या रस्त्याला लागलेली असतात.

हा आजार काही कालपरवा सापडलेला नाही. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी बायपासनंतर अशी साखर कोसळणाऱ्या सहा रुग्णांची हकिकत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापली. त्यांच्या स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीच वाढल्या आहेत असा त्यांचा निष्कर्ष होता, आणि स्वादुपिंडाचा काही भाग कापण्यापर्यंत उपचार गेले होते. पुढे इतर संशोधकांनी त्या निष्कर्षावर शंका घेतली. आज कुणी त्यासाठी पहिल्या झटक्यात सुरी उचलत नाही, आधी ताटाकडे बघतात. दोन दशकांहून जुनी ही माहिती शहरातल्या सर्जनला पाठ असते. ती आमच्या गावच्या ओपीडीपर्यंत आलेली नाही, कारण सर्जन आणि ती ओपीडी यांच्यामध्ये निरोप नेणारं कुणीच नाही. भूगोलाचीही थोडी करामत आहे. आमचा जिल्हा बुलढाणा, आरोग्य खात्याचं मंडळ अकोल्याला, पण आजारी माणूस गाडीत बसतो ते जालन्याकडे किंवा छत्रपती संभाजीनगरकडे तोंड करून. कागद एका दिशेला जातात, रुग्ण दुसऱ्या.

तपासणीचं म्हणाल तर ती फार महाग नाही, पण वेळेवर व्हायला हवी. अॅलन व्हिपल नावाच्या अमेरिकन सर्जनने १९३०च्या दशकात तीन गोष्टी सांगून ठेवल्या आहेत. त्रास साखर उतरल्यासारखा हवा, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी हवी आणि साखर दिल्यावर त्रास जायला हवा. तिन्ही जुळल्या तर निदान पक्कं. यातली मधली गोष्ट आपल्याकडे गाळली जाते. ७० मिलिग्रॅमच्या खाली साखर गेली की सावध व्हायचं, ५४ च्या खाली गेली की तो गंभीर मामला. ताईच्या सुनेने शेवटी ग्लुकोमीटर घेतला आणि थरथर सुरू असतानाच सासूचं बोट टोचलं, तेव्हा आकडा पन्नासच्याही खाली होता. तोवर झालेल्या सगळ्या तपासण्यांनी जे सांगितलं नव्हतं ते एका थेंबाने सांगितलं. उपाशीपोटीची साखर इथे कामाची नाही. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसीही नाही, कारण चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि सरासरी साळसूद दिसते. आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करायची तपासणी अशा रुग्णाची करूच नये, कारण ते पेयच त्याला आडवं करतं. उलट एखाद्याची साखर रात्री किंवा जेवण चुकल्यावर, उपाशीपोटी कोसळत असेल तर कारण बहुधा निराळं असतं आणि त्याला मोठ्या डॉक्टरकडे पाठवणं भाग आहे. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनीही साखर कोसळते. ऑपरेशननंतर त्या बंद करायच्या किंवा कमी करायच्या असतात, पण घरात जुनी पाकिटं शिल्लक असतात आणि टाकून देणं आपल्या जिवावर येतं. कुणीतरी ‘शुगर वाढायला नको’ म्हणून एखादी घेऊन टाकतं.

आता गोडाबद्दल. साखर उतरली तर साखर द्या, इतकं आता खेड्यातही लोकांना कळतं, आणि ते बरोबरही आहे. पण बायपास झालेल्याला पेढ्यावर पेढा, वर रसवंतीतला पेलाभर रस, वर गोड चहा असा मारा केला की तीच साखर पुन्हा एकदम चढते, पुन्हा इन्शुलिनची लाट येते आणि दीड-दोन तासांनी माणूस पुन्हा खाली. ताईचे असे दिवस गेले आहेत, सकाळी एकदा आणि त्या सकाळच्या उपायामुळे दुपारी एकदा. म्हणून गोड मोजून द्यायचं, साधारण पंधरा ग्रॅम ग्लुकोज, आणि बरं वाटल्यावर लगेच वर मूठभर शेंगदाणे, उकडलेलं अंडं, पनीरचा तुकडा, वाटीभर दही असं काहीतरी द्यायचं, म्हणजे साखर टिकून राहते. या दुसऱ्या घासाबद्दल कुणी सांगत नाही. आणखी एक बारीक गोष्ट आहे, पण ती चुकली तर महागात पडते. काही रुग्णांना जेवणाबरोबर अॅकारबोज नावाची गोळी देतात, पिठूळ आणि गोड पदार्थ सावकाश पचावेत म्हणून. ती घेणाऱ्याला आपली घरची साखर, गूळ, पेढा लवकर लागू पडत नाही, कारण ती गोळी नेमकी तीच साखर फोडू देत नाही. त्याला ग्लुकोजची पावडरच हवी. दुकानात ती सहज मिळते, फक्त ती घरात, पिशवीत, शेडनेटच्या दाराशी असायला हवी आणि ती कशासाठी आहे हे सोबतच्या चार बायकांना ठाऊक हवं.

खरं औषध मात्र ताटात आहे. ताईला शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंनी नीट समजावलं. एका जेवणात कर्बोदकं साधारण तीस ग्रॅमपर्यंत, मधल्या खाण्यात त्याच्या निम्मी. आता आमच्या घरची भाकरी म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम पिठाची, आणि ज्वारीच्या पिठाचा सुमारे सत्तर टक्के भाग कर्बोदकांचा. म्हणजे हिशोबाने अर्ध्या भाकरीवर गाडी थांबते. अर्धी भाकरी, पण तिच्याबरोबर मटकीची उसळ, दाटसर पिठलं, अंड्याची भुर्जी किंवा दही भरपूर, आणि घास आधी त्यांचा. दिवसातून तीनऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. जेवताना पाणी नाही, ते अर्ध्या तासाने, नाहीतर पाणीच अन्नाला पुढे ढकलतं. दारू अजिबात नाही. ती बायपासनंतर भराभर चढते आणि साखरही उतरवते. साबुदाण्याची खिचडी बंद, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ सत्त्व, वर तो उपवासाच्या रिकाम्या पोटी. ताईने एकादशी सोडली नाही. ती त्या दिवशी दही, शेंगदाणे आणि पनीर खाते, आणि सासूबाई हयात असत्या तर यावरून काय महाभारत झालं असतं याची आम्ही घरात चर्चा करतो.

हे लिहायला सोपं आहे. आमच्या भागात पंगतीत बसून अर्ध्यावर हात आखडणं सोपं नाही. वाढपी बुंदीचं भगोणं घेऊन उभा राहतो, पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून बुंदी पडते. यजमान स्वतः येतो आणि “ताई, माझ्या हातचा एक घास” म्हणतो. सप्ताहाच्या काल्याला, वरण-बट्टीच्या जेवणाला, आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेला नाही म्हणायचं कसं? प्रसाद तर परतवताच येत नाही. तिने त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. प्रसाद घ्यायचा, चिमूटभर तोंडात टाकायचा, उरलेला पदराला बांधायचा आणि घरी येऊन नातवाला द्यायचा. नातू गोल होत चालला आहे, तो विषय वेगळ्या पत्राचा.

ताट सांभाळूनही ज्यांचं भागत नाही त्यांच्यासाठी पुढचे उपाय आहेत. आधी अॅकारबोज, मग डायझॉक्साइड किंवा ऑक्ट्रिओटाइडसारखी औषधं, आणि अगदीच नाइलाज झाला तर जुन्या जठरात नळी घालून त्या वाटेने अन्न देणं किंवा शस्त्रक्रिया उलटवणं. तो भाग तज्ज्ञांचा. आमच्या गावाला तिथपर्यंत जायचं नाही. आमच्या गावाला फक्त पहिली पायरी हवी.

महोदय, या आजारातलं ‘साखर कमी होणं’ तरी महाराष्ट्राने एकदा दूरचित्रवाणीवर ऐकलेलं आहे. ७ डिसेंबर २०१८ रोजी राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या दीक्षान्त समारंभात राष्ट्रगीताच्या वेळी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी व्यासपीठावर कोसळले. शेजारी उभे असलेले राज्यपाल चे. विद्यासागर राव यांनी त्यांना सावरलं. नंतर गडकरींनी स्वतःच जाहीर केलं, की साखर कमी झाल्याने असं झालं. त्यांनी २०११ मध्ये वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही जाहीर आहे. या दोन गोष्टींची सांगड घालायला मी त्यांचा डॉक्टर नाही, आणि घालतही नाही. मला त्यातला मोकळेपणा मोलाचा वाटतो. मोठ्या माणसाने ‘चक्कर आली’ असं मोघम न सांगता ‘साखर कमी झाली’ असं सांगितलं की खेड्यातल्या माणसालाही ते शब्द वापरायची हिंमत होते. फरक इतकाच, की त्या व्यासपीठावर सावरायला राज्यपाल होते आणि डॉक्टर हाकेच्या अंतरावर होते.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, इजिप्तची इमान अहमद वजन उतरवण्यासाठी मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली होती. ती किती क्विंटलची आहे, विमानात कशी चढवली, क्रेनने कशी उतरवली, आज किती किलो उतरली, हे सगळं घराघरात पाठ झालं होतं. मार्चमध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया झाली, मेमध्ये ती अबुधाबीला गेली आणि सप्टेंबरमध्ये तिचा मृत्यू झाला. तिचा आजार फार गुंतागुंतीचा होता आणि तो इथल्या विषयाशी एक नाही. मला आठवतो तो आपल्या सगळ्यांचा किलोंचा नाद. वजनकाट्यावरचा आकडा खाली आला की बातमी संपते, आणि पेशंटचं काम मात्र त्यानंतर सुरू होतं.

आपल्या खात्याकडे यंत्रणा नाही असं नाही. तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर तपासायची मोहीम आपणच चालवता. आशाताई घरोघर जाऊन अर्ज भरतात, उपकेंद्रात ग्लुकोमीटर आहे, स्ट्रिप्स येतात. पण ही सगळी यंत्रणा वाढलेली साखर पकडायला बसवलेली आहे. कागदावर चौकट आहे ती ‘जास्त’ची. कमी निघालेल्या साखरेचं काय करायचं याची ओळ तिथे असायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या जवळपास दर चौथ्या बाईचं वजन जास्त भरलं, पुरुषांचंही तिच्याच आसपास. २०२५च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तेल दहा टक्क्यांनी कमी करा असं सांगितलं. लठ्ठपणा आता सरकारी भाषणात आला आहे, ऑपरेशनं वाढणार आहेत, आणि ऑपरेशन झालेली माणसं शेवटी आपापल्या गावीच परतणार आहेत.

म्हणून मागणं सांगतो. वजनाची शस्त्रक्रिया करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो की खासगी, रुग्णाला घरी सोडताना मराठीतलं एक कार्ड द्यावं असा आदेश काढा. कोणती शस्त्रक्रिया झाली, कोणत्या तारखेला झाली, जुन्या कोणत्या गोळ्या बंद केल्या आणि अडचणीत फोन कुणाला करायचा, इतकं त्यावर हवं. १०८च्या गाडीत, ग्रामीण रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात एक नियम भिंतीवर लावा. बरळणारा, थरथरणारा किंवा बेशुद्ध माणूस आला की तो दारुडा आहे, अंगात आलेला आहे की अर्धांगाचा आहे हे ठरवण्याआधी त्याचं बोट टोचायचं, आणि सलाईन लावण्याआधीचा आकडा वेळेसकट कागदावर लिहायचा. याला एक स्ट्रिप आणि अर्धं मिनिट लागतं. ई-संजीवनीवर आठवड्यातून ठरलेल्या एका दुपारी अशा रुग्णांसाठी आहारतज्ज्ञ बसवा. ताईसारख्या बाईला अर्धी भाकरी समजून घ्यायला दिवसाची मजुरी बुडवून शहरात जावं लागू नये. आशाताईंच्या प्रशिक्षणात यासाठी तास-दोन तास पुरे. त्यांना बाकीचं सगळं आमच्यापेक्षा जास्त कळतं.

कार्ड कुणी लिहायचं यावर समिती बसण्याची शक्यता आहे, म्हणून मागच्या बाजूचा मजकूर आमच्या शाळेतल्या सहकाऱ्यांच्या मदतीने तयार करून, एका डॉक्टरांकडून तपासून सोबत देत आहे. भाषा आपण हवी तर बदला, पण कृपा करून तिला सरकारी करू नका.

“माझ्या जठराची शस्त्रक्रिया झाली आहे. मी दारू प्यायलेलो नाही. मला मधुमेह नसला तरी जेवणानंतर माझी साखर अचानक उतरू शकते. मी थरथरत असेन, घामाघूम असेन, भलतंच बोलत असेन तर आधी माझी साखर तपासा. बोट पुसून घ्या, गोड लागलेलं असेल तर आकडा चुकेल. मशीन नसेल तर वाट बघू नका. मी शुद्धीवर असेन आणि गिळू शकत असेन तर माझ्या पिशवीतल्या ग्लुकोज पावडरचे तीन चहाचे चमचे थोड्या पाण्यात द्या, जास्त देऊ नका. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर तेवढंच पुन्हा द्या. बरं वाटलं की शेंगदाणे, दही किंवा अंडं खायला द्या. मी बेशुद्ध असेन किंवा मला आकडी आली असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन करा. मला तासभर तरी गाडी चालवू देऊ नका, मी कितीही बरा आहे म्हणालो तरी.”

कळावे,

आपला,
देऊळगाव राजा (जि. बुलढाणा) येथील एक विज्ञानशिक्षक